पडद्याची दांडी: एका पॉप अल्बमच्या वेष्टनाच्या प्रकल्प नोंदी

४ मार्च

काम पक्कं झालं. पॉप गायिकेचा दुसरा अल्बम. नाव अजून जाहीर व्हायचंय, म्हणून इथेही लिहीत नाही. एवढंच की चार अक्षरं आहेत, त्यात एक जोडाक्षर आणि एक रफार. बारा इंची रेकॉर्डसाठी पुस्तकासारखं उघडणारं गेटफोल्ड जॅकेट, इनर स्लीव्ह (डिस्क ठेवायचं आतलं पाकीट) आणि डिस्कवरची लेबलं. सीडीसाठी डिजिपॅक, म्हणजे पुठ्ठ्याचं घडीचं वेष्टन, आणि पुस्तिका. स्ट्रीमिंगसाठी चौकोनी कव्हर, शिवाय अल्बमच्या आधी येणाऱ्या दोन सिंगल्सची कव्हरं.

मॅनेजरला कव्हरवर चेहरा हवा आहे, मोठा, कॅमेऱ्याकडे बघणारा. गायिकेला चेहरा अजिबात नको. पहिल्या अल्बमवर होता, तेवढा पुरे, असं तिचं म्हणणं. मी कुणाचीच बाजू घेतली नाही. डेमो मागून घेतले आणि तिला विचारलं की या गाण्यांचा रंग कोणता. क्षणाचाही विचार न करता म्हणाली, "स्टेजवर मागून येतो ना, तो गुलाबी." हा ब्रीफमधला, म्हणजे कामाच्या मागणीतला, एकमेव शब्द ज्यावर दोघांचं एकमत आहे. आणि नेमका तोच रंग छापायला सगळ्यात अवघड.

७ मार्च

डेमो ऐकले. बहुतेक गाण्यांत कुणीतरी आत आहे आणि कुणीतरी बाहेर. दार, जिना, खिडकी, बंद खोलीतून ऐकू येणारं हसणं. वहीत पडदा काढला आणि मागून उजेड दिला. पडद्यामागे ती आहे, पण दिसते फक्त आकृती. चेहऱ्याचा वाद इथे सुटू शकतो.

११ मार्च

चित्राला हात लावण्याआधी खाके, म्हणजे मापांचे आणि घड्यांचे आराखडे, मागवले. जॅकेटची एक बाजू साधारण ३१५ मिमी चौरस, कणा, म्हणजे दोन बाजूंमधली कड, ३ मिमीच्या आसपास, भोवती ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा छपाई). छापखान्यागणिक मिलिमीटरभर इकडेतिकडे होतं, म्हणून इंटरनेटवरून उतरवलेला खाका मी कधीच वापरत नाही; जो छापणार त्याचाच घ्यायचा. सीडीची पुस्तिका १२० मिमी चौरस, म्हणजे जॅकेटच्या एका बाजूच्या क्षेत्रफळाचा जेमतेम सातवा हिस्सा. आणि फोनवरच्या यादीत कव्हर नखाएवढं.

साध्या जाड कागदाची कोरी डमी कापली, दुमडली, आत एक जुनी डिस्क घातली. कोरी डमी हातात घेतली की बरंच कळतं. जॅकेट उघडताना डावा अंगठा कुठे येतो, डिस्क कोणत्या खिशातून बाहेर पडते, कुठली बाजू आधी दिसते. पडद्याची कल्पना इथे घट्ट झाली: गेटफोल्ड उघडणं म्हणजेच पडदा सारणं. बाहेर आकृती, आत चेहरा.

१४ मार्च

अभ्यासाचा दिवस. एकेकाळी ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, तबकड्या जाड पुठ्ठ्याच्या बांधीव वहीत येत, म्हणून त्याला अल्बम म्हणत, आणि ती वही बहुधा साधी, एकरंगी असे. कोलंबिया रेकॉर्ड्सच्या ॲलेक्स स्टाइनवाइस यांनी १९४० च्या सुमारास त्यावर खास चित्र काढून छापायला सुरुवात केली. १९४८ मध्ये एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी रेकॉर्ड, आली आणि तो चौकोन पुढे कायम झाला. म्हणजे आज स्क्रीनवर जो चौकोन आपण निमूटपणे स्वीकारतो, तो मुळात गोल तबकडी मावावी म्हणून आलेला आहे. स्ट्रीमिंगमध्ये तबकडी नाही, चौकोन उरला.

दुसरी गोष्ट मुद्दाम टिपून ठेवते, कारण मॅनेजरने "कव्हरवर काहीतरी खरं लावू या" असं सुचवलंय. रोलिंग स्टोन्सच्या १९७१ च्या एका अल्बमच्या कव्हरवर जीन्सची खरी चेन होती. गठ्ठ्यात एकावर एक रचल्यावर ती चेन खालच्या रेकॉर्डमध्ये रुतायची. उपाय म्हणून चेन पाठवण्याआधीच अर्धी उघडली, म्हणजे तिचा दाब खोबणींवर न येता मधल्या लेबलवर येईल. वेष्टनावर काहीही उंचवटा आणायचा तर आत काय आहे आणि वर किती वजन येणार आहे हे आधी बघावं लागतं. मॅनेजरला हे सांगितलं. आता त्याला कापडाचा तुकडा चिकटवायचा नाहीये, खिडकी कापायची आहे.

१९ मार्च

अक्षरं. देवनागरीत नाव लिहिलं की वर शिरोरेषा आपोआप येते आणि अक्षरं तिला खाली लटकतात. पडदाही दांडीला लटकतो. मग दांडी वेगळी काढायचीच कशाला? शिरोरेषाच दांडी. ती नावापाशी थांबणार नाही, कव्हरच्या कडेपर्यंत जाईल, कण्यावरून मागे वळेल आणि मलपृष्ठावर गाण्यांच्या यादीच्या डोक्यावरून जाईल. रफार दांडीवरचा हुक.

यात छापाईचाही फायदा आहे. घडी कधीच शंभर टक्के जागेवर पडत नाही, अर्धा-एक मिलिमीटर सरकते. कण्याला वेगळा रंग दिला तर तो पुढच्या बाजूला डोकावतो आणि सगळ्या कपाटात तेवढंच दिसतं. आडवी रेघ मात्र घडी डावी-उजवीकडे सरकली तरी बिघडत नाही. म्हणून कण्याला वेगळा रंग नाही.

कण्यावरचं नाव ही वेगळी डोकेदुखी. ३ मिमीत वर रफार आणि खाली उकार असलेलं नाव बसवायचं म्हणजे मधल्या अक्षराला जेमतेम दीड मिलिमीटर उरतो. रोमन कॅपिटलना ही अडचण नाही, ती सगळी उंची वापरतात. कण्यासाठी अक्षरं वेगळी आखली: रफार आखूड, उकार अक्षराच्या पोटाशी ओढलेला, रेषा जाड.

फॉन्टमधून काहीच घेतलं नाही, नाव हातानेच आखलं. गीतांच्या मजकुराला मात्र फॉन्ट लागणार. तिथे भाषा मराठी अशी ठरवून द्यायची, म्हणजे ज्या फॉन्टात सोय आहे त्यात मराठी वळणाचे ल आणि श येतात. हे न केल्यामुळे कितीतरी छापील मराठीत हिंदी वळणाचा ल दिसतो आणि कुणाला काही वाटतही नाही. मला वाटतं.

२३ मार्च

नखाएवढ्या आकाराची चाचणी. कव्हर ६४ पिक्सेलवर आणून फोनवर बघितलं. पडद्याच्या चुण्या गेल्या, आकृतीचा डाग झाला, नाव वाचता येईना. दांडी उरली आणि रंग उरला. रफार तर जाड रेषेने गिळूनच टाकला.

मॅनेजरचं म्हणणं, म्हणूनच चेहरा हवा. पण यादीतल्या कव्हरांकडे पाहिलं तर चेहरेच चेहरे आहेत, त्या आकाराला सगळे सारखे. काळ्यावर एकच गुलाबी आडवी रेघ, कडेपासून कडेपर्यंत, त्या गर्दीत लगेच सापडते. रेघ आणखी जाड केली, वरून एक पंचमांशावर बसवली, रफार मोठा करून रेषेपासून सुटा केला. लहान आकारात नाव वाचता आलं नाही तरी चालेल, शेजारी ॲप ते लिहितंच.

कव्हरभोवती ॲपची पार्श्वभूमी कधी काळी, कधी पांढरी असते. काही ॲप कव्हरमधला ठळक रंग उचलून सगळं पान रंगवतात. आमचा रंग उचलला गेला तर पानभर गुलाबी. हरकत नाही, फुकटचा पडदा.

२ एप्रिल

फोटो. पातळ कापड, मागून एकच दिवा, समोरून काही नाही. पुढची-मागची बाजू आणि कणा मिळून ब्लीडसकट ६३९ मिमी. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) साडेसात हजार पिक्सेल रुंदी लागते. फोटोग्राफरला आधीच सांगितलं होतं की चौकोन नाही, दोनास एक अशी लांबट चौकट हवी आणि आकृती उजव्या अर्ध्यात.

कापडाच्या विणीने छळलं. बारीक वीण आणि सेन्सरची जाळी एकमेकींत अडकली की मॉयरे येतो, नसलेले लाटांसारखे पट्टे. कॅमेरा थोडा मागे घेतला, कोन बदलला, शेवटी जाड विणीचं कापड लावलं. छपाईचे ठिपके हीसुद्धा एक जाळीच, म्हणून स्क्रीनवर स्वच्छ दिसणारी वीण छपाईच्या प्लेटवर पुन्हा नाचू शकते. जाड वीण दोन्हीकडे सुरक्षित.

आतल्या बाजूचा चेहरा शेवटी घेतला. पडदा बाजूला, समोरून साधा उजेड. दिवसभराच्या दमणुकीनंतर तिने कॅमेऱ्याकडे पाहिलं तेव्हा भाव आणायची ताकदच उरली नव्हती. तीच फ्रेम निवडली. मॅनेजरलाही तीच आवडली.

९ एप्रिल

खिडकी रद्द. डमीत कापून बघितली. कव्हरला खिडकी आणि आतून इनर स्लीव्हवरचं चित्र दिसणार, ही कल्पना ऐकायला छान. पण इनर स्लीव्ह खिशात मोकळी असते, दोन-तीन मिलिमीटर हलते, आणि नीट आत गेली नाही तर खिडकीत चित्राऐवजी तिची कड दिसते. खिडकीचे आतले कोपरे काटकोनात असले तर तिथून पुठ्ठा फाटायला लागतो, ते गोल करावे लागतात. गोल कोपऱ्यांची खिडकी आगगाडीच्या डब्याची वाटायला लागली. शिवाय पडदा उघडायचं काम गेटफोल्ड करतोच आहे, एकाच कव्हरला दोनदा उघडायचं कशाला?

१६ एप्रिल

रंग. यावर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि जाणार हे माहीत होतं.

तिचा गुलाबी स्क्रीनवर मिळतो, कारण स्क्रीन स्वतः उजेड फेकते. चार रंगांच्या छपाईत मॅजेंटा, म्हणजे त्यातली गुलाबी-किरमिजी शाई, कितीही भरला तरी तो निऑन होत नाही. फ्लुओरेसंट शाई निराळ्या तत्त्वावर चालते: ती अतिनील किरण शोषून दिसणाऱ्या उजेडात परत फेकते, म्हणून कागद जळतोय असं वाटतं. पँटोन ८०६ ठरवला, पँटोनच्या रंगक्रमांकांतला निऑन गुलाबी.

मग सगळं उलगडत गेलं. बाहेरचं जॅकेट चार रंगांत छापायचंच नाही. फक्त दोन शाया, काळी आणि ८०६. पडद्याचा फोटो आधीच एकरंगी आहे, त्याचा ड्युओटोन, म्हणजे दोन शायांतली प्रतिमा, केला. चेहरा असलेली इनर स्लीव्ह मात्र नेहमीच्या चार रंगांत, त्वचा त्वचेसारखी दिसायला हवी. बाहेर निऑन, आत माणूस. गेटफोल्डची आतली बाजू निव्वळ काळी, त्यावर गुलाबी दांडी आणि गाण्यांची श्रेयं.

या शाईच्या खोडी: एका हातात, म्हणजे एकाच थरात, फिकी लागते, उजेडात लवकर उडते, कोटिंग नसेल तर घासली जाते. आणि तिचा प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, साध्या प्रिंटरवर निघत नाही. खऱ्या शाईचा पट्टा खऱ्या कागदावर ओढून बघणं हाच मार्ग.

२१ एप्रिल

पट्टे आले. गायिकेला खरखरीत, बिनकोटिंगचा पुठ्ठा हवा होता, हाताला छान लागतो म्हणून. त्याच्यावर शाई आत मुरते आणि गुलाबी मऊ पडतो. कोटेड आर्ट कार्डवर तोच पट्टा डोळ्यात घुसतो. दोन्ही शेजारी ठेवून खिडकीशी नेले, तिने स्वतःच कोटेड उचललं. खरखरीत कागद सीडीच्या पुस्तिकेला दिला.

मॅट लॅमिनेशनचा नमुनाही होता. निऑनवर धुकं पसरल्यासारखं दिसलं, तो बाद.

२९ एप्रिल

एक गाणं वाढलं. चार मिनिटांचं. स्ट्रीमिंगला काही फरक पडत नाही, सीडीलाही नाही. रेकॉर्डला पडतो. ३३⅓ आरपीएमच्या बारा इंची रेकॉर्डवर एका बाजूला साधारण २२ मिनिटांपर्यंत आवाज भरघोस बसतो. त्यापुढे खोबण्या जवळजवळ आणाव्या लागतात आणि पातळी उतरते. या अल्बमचं सगळं बळ खालच्या सुरांत आहे, ते आधी मरतं. निर्मात्याने ठरवलं की नवं गाणं रेकॉर्डवर नाही.

म्हणजे आता दोन गाणीयाद्या, दोन मलपृष्ठं, श्रेयांचे दोन मजकूर. फाइलींच्या नावांतच रेकॉर्ड आणि सीडी असं लिहिलं. उद्या कुणीतरी एकीकडची यादी दुसरीकडे चिकटवणार हे ठरलेलं असतं.

६ मे

पुस्तिका. मध्यावर पिना मारून बांधायची असल्याने पानं चारच्या पटीत, सोळा ठरली. पांढरी अक्षरं काळ्यावर हवीत असं गायिका म्हणाली. तो काळा एकाच शाईचा ठेवला. चार रंगांच्या काळ्यातून बारीक अक्षरं सोडली आणि एखादा रंग केसभर सरकला की वेलांटीच्या आतली जागा बुजते. बिनकोटिंगच्या कागदावर तर शाई पसरतेच, म्हणून फॉन्टचं वजन एक पायरी वाढवलं आणि ओळींतलं अंतर सढळ ठेवलं. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसला की कवितेचं काही खरं नाही.

१३ मे

सिंगल्सची कव्हरं दिली. पहिलं: बंद पडदा, दांडी, काठाशी एक हात. दुसरं: पडदा थोडा सरकलेला. तिसरं अल्बमचं. तिन्हींत दांडी त्याच उंचीवर, म्हणजे गायिकेच्या पानावर कव्हरं शेजारी आली की रेघ जोडली जाते.

३००० पिक्सेल चौरस, आरजीबी, म्हणजे स्क्रीनचे रंग. स्ट्रीमिंगच्या कव्हरवर किंमत, संकेतस्थळाचा पत्ता, सोशल मीडियाचं खातं, सीडी असा उल्लेख यांतलं काही चालत नाही, आणि कव्हरवर नाव असेल तर ते नोंदवलेल्या नावाशी जुळावं लागतं. मॅनेजरने कोपऱ्यात खात्याचं नाव टाकायला सांगितलं होतं. नियम दाखवल्यावर वाद मिटला. असे नियम कधीकधी फार कामाला येतात.

२० मे

बारकोड. मॅनेजर म्हणाला पांढरी चौकट नको, पट्ट्या गुलाबी करू. दिसायला सुंदर, पण चालणार नाही. नेहमीच्या स्कॅनरचा उजेड लाल असतो. लाल-गुलाबी पट्टी त्याला पांढऱ्याइतकीच उजळ दिसते आणि वाचायला काहीच उरत नाही. पण हाच गुण उलटा वापरता येतो: काळ्या पट्ट्या गुलाबी जमिनीवर. स्कॅनरला गुलाबी म्हणजे पांढरंच. पांढरी चौकटही गेली आणि कोडही वाचला जातो. नमुना छापून स्कॅनरखाली धरला, वाचला. आकार मूळच्या ८० टक्क्यांखाली न्यायचा नाही आणि दोन्ही बाजूंची मोकळी जागा खायची नाही, एवढं सांभाळलं.

शेजारी दोन हक्करेषा: वर्तुळातला पी ध्वनिमुद्रणाचा, वर्तुळातला सी छापील मजकूर-चित्राचा. दोन्हींचे मालक वेगळे असू शकतात, म्हणून मजकूर मी स्वतः कधीच लिहीत नाही, लेखी मागते.

२७ मे

डिस्क. रेकॉर्डचं लेबल १०० मिमी व्यासाचं आणि ते चिकटवत नाहीत. तापलेल्या व्हिनाइलबरोबरच साच्यात दाबलं जातं, त्याआधी भट्टीत वाळवतात, कारण कागदातला ओलावा दाबाखाली फोड आणतो. एवढ्या उष्णतेत निऑन शाईवर भरवसा ठेवायला मी तयार नाही. लेबल फक्त काळं-पांढरं, मधून दांडी, भोक बरोबर तिच्यावर.

सीडीवर आधी पांढरा थर मारून मग गुलाबी. तो नसेल तर खालची चंदेरी चकाकी रंगातून वर येते आणि गुलाबी राखाडी होतो.

खोबण्या संपल्यावर लेबलभोवती जी गुळगुळीत जागा उरते तिथे मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे साच्याचा ओळखक्रमांक, कोरतात. तिथे एखादं वाक्य कोरून घेता येतं, हे गायिकेला सांगितलं. तिने काय लिहायचं ते कुणालाच सांगितलेलं नाही, थेट कटिंगवाल्याला, म्हणजे मूळ तबकडी कोरणाऱ्याला, कळवलं.

४ जून

फाइली पाठवल्या. पाठवण्याआधी दोन गोष्टींवर सगळा जीव. एक, मजकूर आउटलाइन केल्यावर, म्हणजे अक्षरांचं चित्रात रूपांतर केल्यावर, प्रत्येक ओळ मूळ हस्तलिखिताशी ताडून वाचली. मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्या हाताळणारा कंपोझर निवडलेला नसला की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे न बसता उजवीकडे जाते आणि जोडाक्षरं फुटतात. एका जुन्या फाइलीतून आणलेल्या चौकटीत ते झालेलं होतं. दोन, ओव्हरप्रिंट, म्हणजे खालची शाई न कापता एकावर एक छापणं. काळा आणि गुलाबी एकमेकांवर चढायला हवेत, नाहीतर कडांना पांढरी फट दिसते. पण पांढऱ्या अक्षरांना ओव्हरप्रिंट लागलेला राहिला तर ती छापतच नाहीत, आणि नेहमीच्या पूर्वदृश्यात हे कळतही नाही. वेगवेगळ्या प्लेटा उघडून बघितल्या.

१८ जून

मशीनवर. चार युनिटचं ऑफसेट. पहिल्यात काळा, दुसऱ्यात ८०६, तिसऱ्यात पुन्हा ८०६, चौथ्यात वार्निश. दुसऱ्या हाताची प्लेट वेगळी होती: तिच्यात फक्त दांडी, नाव आणि उजेडाचा सपाट भाग, फोटोचे ठिपके नाहीत. ठिपक्यांवर ठिपके दोनदा मारले तर जरा सरकताच सगळं धूसर होतं.

पहिले ताव फिके. मशीनवरचे काका म्हणाले, "ताई, थोडं थांबा, शाईला रुळावर बसू द्या." बसली. मग गुलाबी इतका चढला की काळा मागे पडल्यासारखा वाटला, काळ्याची घनता वाढवून घेतली. ज्या तावावर दोघांचं जमलं त्यावर सही केली. एक ताव बाहेर नेऊन दिवसाच्या उजेडात बघितला. छापखान्याच्या ट्यूबखाली आणि उन्हात ही शाई दोन वेगळे रंग दाखवते. मंजुरी कशात दिली ते तावावरच लिहून ठेवलं.

कागदाचा ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, कण्याला समांतर आहे ना, हेही विचारून घेतलं. आडवा असला तर काळ्या घडीवर शाई तडकते आणि पांढरी रेघ दिसते. समांतर होता.

९ जुलै

तयार नग आले. घड्या नीट, कण्यावरचं नाव हातभरावरून वाचता येतं. काही जॅकेटांत डिस्क खिशात जरा घट्ट बसते. छापखान्याला फोटो पाठवले, चिकटपट्टीचा गोंद आत सरकलाय. ते नग बदलून देणार आहेत.

बाहेरची पारदर्शक पिशवी पॉलिप्रॉपिलिनची घ्यायला सांगितली. मऊ पीव्हीसी जास्त दिवस चिकटून राहिली की व्हिनाइलवर धुरकट डाग येतात. मॅनेजरला लेखी कळवलं की दर्शनी ठेवलेला नग थेट उन्हात ठेवू नये, आणि ठेवलाच तर अधूनमधून बदलावा. काळा तसाच राहील, गुलाबी जाईल.

१५ जुलै

पुढच्या छपाईसाठी फोल्डर लावून ठेवला: दोन्ही गाणीयाद्यांच्या फाइली, सही केलेल्या तावाचे घनतेचे आकडे, शाईचा क्रमांक, पुठ्ठ्याचं नाव आणि वजन, दुसऱ्या हाताची प्लेट वेगळी असल्याची ठळक सूचना.

दुपारी मॅनेजरचा फोन. कॅसेटही काढायची आहे. जे-कार्डची, म्हणजे कॅसेटच्या डबीतल्या घडीच्या कागदाची, पुढची बाजू ६५ मिमी रुंद आणि साधारण १०२ मिमी उंच, कणा १२.७ मिमी. चौकोन गेला, उभा आयत आला. कण्यावर मात्र पहिल्यांदाच रफाराला पुरेशी जागा आहे. खाका मागवलाय.